लोणारचं पाणी आणि माझी थकबाकी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी पाण्याची मोटर, पार्किंग आणि मेंटेनन्स यांवर भरपूर सांगितलं. मी शास्त्रज्ञांवर बोलणार आहे. जन्मभर बँकेत नोटा मोजलेल्या माणसाचा विज्ञानाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. माझी एक थकबाकी आहे, ती आज भरायची आहे.

जून २०२० आठवा. लॉकडाऊनचे दिवस. आपल्याच जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर अचानक गुलाबी झालं आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला पूर आला. कुणी म्हणे उल्केतलं लोखंड वर आलं, कुणी म्हणे हा दैवी संकेत. मीही एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला. सुरुवात होती, ‘शास्त्रज्ञांनी सांगितले आहे की’. कोणत्या शास्त्रज्ञांनी, हे मी पाहिलंच नाही. बँकेत सही नसलेलं व्हाउचर कधी पास केलं नाही, इथे मात्र डोळे मिटून शिक्का मारला.

आपल्या दुसऱ्या मजल्यावरची लेक तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिने लिहिलं, ‘काका, अजून नमुने तपासले जायचे आहेत. आत्ता कुणालाच नक्की माहीत नाही.’ मी उत्तर दिलं, ‘इतकी वर्षं शिकूनही माहीत नाही?’ बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. ती ग्रुपमधून बाहेर पडली.

पुढे काय झालं? वनविभागाने घेतलेले नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. जुलैमध्ये उत्तर आलं. खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव तिथे फार झाले होते आणि त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. प्रयोगशाळेत ते जीव तळाशी बसले तेव्हा वरचं पाणी नितळ दिसलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच! पोरीचं बरोबर होतं. थांबायला हवं होतं.

मी जिना चढून तिच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो आणि चहा पिऊन आलो. पण गप्पा छान झाल्या. ती म्हणाली, “काका, सहा महिने जिवाणू जपायचे आणि सातव्या महिन्यात बुरशीने पंगत उठवायची. पेपर पाठवला तर एक परीक्षक म्हणतो छान, दुसरा म्हणतो सगळं पुन्हा करा. त्या दुसऱ्याची तर जगभरचे संशोधक थट्टा करतात. आणि घरी आलं की मावशी विचारते, अजून शिकतेच आहेस का गं?”

मी म्हटलं, “आमचंही तेच. संध्याकाळी पाच पैशांचा फरक आला की रात्री नऊपर्यंत लेजर उलटायचं. पण खिशातले पाच पैसे टाकून ताळा जुळवायचा नाही.” ती हसून म्हणाली, “काका, यालाच तर संशोधन म्हणतात.”

लोणारच्या विवराचं वयच घ्या. आधी सुमारे ५० हजार वर्षं सांगत. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीची मोजणी प्रसिद्ध झाली, ती निघाली ५ लाख ७० हजार! तीही ४७ हजार इकडे-तिकडे, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. बँकेत एवढा फरक आला असता तर मला मेमो मिळाला असता. यांनी तो अभिमानाने छापला. आपली चूक किती असू शकते, हे उत्तराच्या शेजारीच लिहून ठेवणारा दुसरा धंदा मी तरी पाहिला नाही.

आज ती लेक समोर बसली आहे, नावाआधी डॉक्टर लावून. बेटा, तेव्हा हसं तुझं झालं, खरं तर माझं व्हायला हवं होतं. चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. व्याज सोडून दे, मुद्दल घे.

बाळगोपाळांनो, मी काही पुढे ढकललं तर बेधडक विचारा, ‘आजोबा, हे कुणी तपासलं?’ राग आला तरी उत्तर देईन. नसेल माहीत, तर ‘माहीत नाही’ म्हणेन. या वयात तेवढं शिकलो.

आणि सेक्रेटरी साहेब, तिला आजच ग्रुपमध्ये परत घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!