आयर्लंडची कादंबरी आणि आपले मावळ

(परंदवडी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९१६ सालच्या एप्रिल महिन्याचा शेवटचा आठवडा. सोमवारी, २४ तारखेला, डब्लिन शहरातल्या मोठ्या पोस्टाच्या कचेरीसमोर पॅट्रिक पिअर्स नावाचा एक शिक्षक उभा राहिला आणि त्याने आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचून दाखवला. शनिवारी त्याला शरण जावे लागले आणि ३ मे रोजी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, आपल्या बेळगावात प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींनी टिळकांच्या पुढाकाराने होमरूल लीग स्थापन केली. अध्यक्ष झाले माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. होमरूल, म्हणजे स्वराज्य, ही मागणी मुळात आयर्लंडची. बॅप्टिस्टा केंब्रिजला शिकून आलेले, तिकडची चळवळ त्यांनी जवळून पाहिली होती. केळकरांनी तर त्याच्या सात वर्षे आधी, १९०९ साली, 'आयर्लंडचा इतिहास' हे पुस्तकच मराठीत लिहिले होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकाला आयर्लंड परका नव्हता, हे मला आधी सांगायचे आहे.

राजकारणात आपण आयर्लंडकडून पुष्कळ घेतले. आयरिश माणसाने आपल्या लढ्यावर गोष्टी आणि कादंबऱ्या कशा लिहिल्या, हे मात्र आपण फारसे पाहिले नाही. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, आणि बोलता बोलता आपल्या मावळात येणार आहे.

लिअम ओफ्लॅहर्टी हा लेखक १८९६ साली अ‍ॅरन बेटांवर जन्मला. खडकावर समुद्री शेवाळ आणि वाळू पसरून माती तयार करायची आणि तिच्यात बटाटे लावायचे, अशी तिथली शेती. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या सैन्यात लढला. पुढे १९२२ साली बेकारांना बरोबर घेऊन त्याने डब्लिनमधली एक इमारत ताब्यात घेतली आणि तिच्यावर लाल बावटा लावला. म्हणजे माणूस नुसता टेबलाशी बसून लिहिणारा नव्हता. त्याची 'द इन्फॉर्मर' ही कादंबरी १९२५ साली आली. तेव्हा आयर्लंडला स्वतंत्र राज्य मिळून जेमतेम तीन वर्षे झाली होती.

आणि या कादंबरीचा नायक कोण, तर खबऱ्या! जिपो नोलन हा धिप्पाड गडी. क्रांतिकारकांच्या संघटनेतून काढून टाकलेला, खिशात दमडी नाही, रात्री अंग टाकायला जागा नाही. फरारी असलेला त्याचा जिवलग दोस्त लपतछपत आईला भेटायला शहरात येतो. जिपो पोलिसांकडे जातो आणि वीस पौंडांवर दोस्ताचा पत्ता सांगतो. दोस्त मरतो. नंतरची सगळी कादंबरी म्हणजे त्या एका रात्रीचा हिशेब आहे. जिपोला ते पैसे खिशात ठेववत नाहीत. तळलेल्या माशांच्या दुकानात शिरून तो रस्त्यावरच्या भुकेल्या गर्दीला पोटभर खाऊ घालतो. लोक त्याचा जयजयकार करतात. त्याच वेळी संघटनेची माणसे बाजूला उभी राहून त्याने किती पैसे उधळले ते मोजत असतात. शेवटी गोळ्या लागून रक्तबंबाळ झालेला जिपो चर्चमध्ये पोचतो. तिथे मेलेल्या दोस्ताची आई प्रार्थना करत बसलेली असते. तो तिच्याजवळ क्षमा मागतो आणि ती माउली क्षमा करते.

या कादंबरीत फितुरीचे समर्थन नाही. फितुरी महापाप आहे हे पानापानावर जाणवते. पण ते पाप करणाऱ्याच्या पोटात भूक होती, डोक्यात गोंधळ होता, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य पाहण्याची त्यालाही आस होती, हे सांगायला लेखक कचरला नाही.

दुसरे नाव फ्रँक ओकॉनरचे. कॉर्क शहरातला हा मुलगा आयर्लंडच्या यादवी युद्धात इंग्लंडशी झालेल्या तहाच्या विरोधात लढला आणि तुरुंगात गेला. १९३१ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'गेस्ट्स ऑफ द नेशन' ही कथा मी कितीतरी विद्यार्थ्यांना वाचून दाखवली आहे. आयरिश बंडखोरांच्या पहाऱ्यात दोन इंग्रज कैदी आहेत, बेल्चर आणि हॉकिन्स. एका म्हातारीच्या घरात सगळ्यांचा मुक्काम. रोज संध्याकाळी कैदी आणि पहारेकरी मिळून पत्ते कुटतात. हॉकिन्स देव आहे की नाही यावर तावातावाने वाद घालतो. बेल्चर न बोलता म्हातारीला सरपण फोडून देतो, पाणी आणून देतो. मग एके दिवशी वरून हुकूम येतो: इंग्रजांनी आपली माणसे मारली, तुमच्याकडच्या दोघांना संपवा. ज्यांच्याबरोबर काल पत्ते खेळले त्यांना रात्री दलदलीच्या माळावर न्यायचे. बेल्चर डोळ्यांवर बांधायला स्वतःचाच रुमाल काढतो. तो पुरत नाही, म्हणून मारणाऱ्याकडे त्याचा रुमाल मागतो. ही बारीकशी गोष्ट वाचताना वर्गात नेहमीच शांतता पसरते. लेखक ज्या बाजूने लढला, त्याच बाजूच्या हातून झालेली ही गोष्ट त्याने लिहिली आहे.

हे सगळे तिथल्या लोकांनी गोड मानून घेतले, असे समजू नका. १९२६ साली शॉन ओकेसीचे १९१६च्या उठावावरचे नाटक डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये लागले. त्यात झोपडपट्टीसारख्या चाळीत राहणारी माणसे, त्यांची भांडणे, उठावाच्या धामधुमीत दुकाने लुटणारे गरीब, असे सगळे होते. हुतात्म्यांच्या घरच्या बायकांनीही नाटकाविरुद्ध आवाज उठवला. रंगमंचावर दंगल झाली आणि कवी येट्सला पुढे येऊन प्रेक्षकांना खडसवावे लागले. १९२९ साली सेन्सॉरचा कायदा आला आणि ओफ्लॅहर्टीच्या एका कादंबरीवर बंदीही आली. त्या बायकांचा राग खोटा नव्हता. ज्यांची माणसे गेली त्यांना ते दुखणारच. तरीही लेखक लिहीत राहिले, आणि आज तोच सगळा ऐवज आयर्लंड अभिमानाने मिरवतो.

आता आपल्याकडे येऊ.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा जुनी आहे. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालची. मग हरिभाऊ आपटे आले, 'उषःकाल' आली, 'गड आला पण सिंह गेला' आली. आणि आपल्या शेजारी तळेगावात गो. नी. दांडेकर, म्हणजे आपले अप्पा, राहत होते. अप्पांचा जन्म १९१६चाच. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या ओढीने घर सोडून निघालेले हे पोर पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा करून आले आणि अखेर मावळचे झाले. त्यांनी शिवकाळावर पाच कादंबऱ्या लिहिल्या. तुंग किल्ल्याच्या पायथ्याच्या माणसांवर १९५५ साली 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली, राजमाचीवर 'माचीवरला बुधा' लिहिली. आपल्या खोऱ्यातला माणूस कसा बोलतो, कसा रुसतो, गडावर जीव कसा टाकतो, ते मराठी वाचकाला अप्पांनी दाखवले. मावळने त्यांचे उतराई व्हावे तेवढे थोडे.

शिवकाळाच्या कादंबऱ्यांत फितुरीही असते, भाऊबंदकीही असते. पण त्या माणसांना जाऊन साडेतीनशे वर्षे झाली. त्यांच्या फितुरीने आज कोणाच्या घरात भांडण पेटत नाही. ज्यांच्या नातवंड-पतवंडांशी आपली सोयरीक आहे, त्या काळाबद्दल आपली कादंबरी फार जपून बोलते. स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांना आपण हार घातले, चौकाला त्यांची नावे दिली, जयंतीला भाषणे केली. पण त्यांच्या घरात काय घडले, शेजारच्या घरात काय घडले, हे लिहायला आपली लेखणी थबकते.

चिंचवडचे चापेकर बंधू घ्या. लोकल गाडीने गेलो तर अर्ध्या तासाचेही अंतर नाही. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने माहिती देणाऱ्याला वीस हजारांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंकडून माहिती गेली, दामोदर चापेकर पकडला गेला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर चढला. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ला वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविडांना घराबाहेर बोलावून मारले. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण हे तिघेही फाशी गेले. दामोदर धरून एका आईची तीन मुले गेली. यावर १९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी '२२ जून १८९७' हा चित्रपट काढला. तो जरूर पाहावा. पण द्रविडांच्या घरातली रात्र आपल्या कादंबरीत नाही. माहिती देऊन आल्यावर ते जेवले का? पुण्याच्या पेठेत पाणी भरायला बाहेर पडणाऱ्या त्यांच्या घरच्या बायकांकडे लोक कसे बघत होते? हे प्रश्न विचारले म्हणून चापेकरांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट, चार तरुणांनी केवढ्या निबर, भेदरलेल्या, पैशाला वश होणाऱ्या समाजात आपला जीव पणाला लावला होता, ते तेव्हाच कळते.

तळेगावचेच आणखी एक. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणाचे समर्थ विद्यालय काढले, ते कोल्हापूर-मिरज करत तळेगावला आले. 'विश्ववृत्त' मासिकातल्या लेखाबद्दल विजापूरकर तुरुंगात गेले आणि १९१० साली सरकारने शाळाच बंद केली. पिअर्सनेही डब्लिनला १९०८ साली अशीच स्वतःच्या भाषेची आणि इतिहासाची शाळा काढली होती. आयर्लंडने त्याची शाळा संग्रहालय करून जपली. आपल्याकडे शाळा पुन्हा उभी राहिली ही मोठीच गोष्ट झाली. पण १९१० साली जी मुले अर्ध्यावर घरी गेली, ज्यांच्या बापांना सरकारी नोकरी सांभाळायची होती, त्यांची गोष्ट कोणी लिहायची?

आणि मुळशी. डोंगराच्या पलीकडचे ते खोरे. माझ्या मते मराठी ऐतिहासिक कादंबरीसमोरचे सगळ्यात मोठे काम तिथे पडून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर एकामागून एक धरणे बांधायला घेतली. लोणावळ्याजवळ वळवण आणि शिरवता, आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडी. खोपोलीच्या केंद्रातून वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. मग मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर मुळशीचे धरण ठरले. पन्नासाहून अधिक गावे, आंबेमोहोर पिकवणारी खाचरे, देवळे, सगळे पाण्याखाली जाणार होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे बायकापोरांसह बांधावर येऊन बसले. वि. म. भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी पुढारपण केले, आणि इथूनच बापट 'सेनापती' झाले. बापट म्हणजे केवढा माणूस! पारनेरचा मुलगा, शिकायला विलायतेला गेला, पॅरिसमध्ये बाँबची कृती मिळवून आला, परत आल्यावर हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला, आणि मुळशीत सत्याग्रहाला बसला. अखेर धरणाच्या कामाकडे जाणारी रेल्वे त्यांनी अडवली आणि सात वर्षांची सजा भोगली. एकाच माणसाच्या आयुष्यात एवढे वळसे ओफ्लॅहर्टीला मिळाले असते, तर त्याने दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या असत्या.

पण मुळशीची कादंबरी एकट्या बापटांची होऊन चालणार नाही. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा अभ्यास केला, त्यात दडपून राहिलेली एक बाजू त्यांनी उघड मांडली. खोऱ्यातल्या कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा एक, सातबारावर नाव दुसऱ्याचे. कंपनी मोबदला देणार म्हटल्यावर सावकाराला पैसा हवा होता आणि कुळाला खाचर. पुण्यातल्या सभांमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काहींचे हितसंबंध कंपनीच्या पैशातही होते. चळवळ त्यामुळे आतून खचत गेली. १९२४पर्यंत ती टिकली, धरण झाले, पाणी भिरा इथे खाली कोकणात उतरून वीज तयार होऊ लागली.

कादंबरी इथे आहे. ज्या कुळाने पहिल्या दिवशी बांधावर बसून मार खाल्ला आणि तिसऱ्या वर्षी गुपचूप मोबदल्यावर अंगठा दिला, तो फितूर होता का? घरात दोन लेकरे उपाशी असताना त्याच्या बायकोने काय सल्ला दिला असेल? ज्या भावाने अंगठा दिला नाही, तो पुढे कुठे गेला, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या घरी लग्नाला गेले का? ओफ्लॅहर्टीने १९३७ साली 'फॅमिन' ही दुष्काळावरची कादंबरी लिहिली, त्यातही असेच एक खोरे आहे आणि जमीनदाराचा कारभारी आहे. बटाटे सडून दहा लाख माणसे मेली, हा आकडा इतिहासात कोणीही वाचू शकतो. पण म्हातारा ब्रायन किलमार्टिन आपल्या बायकोचे थडगे खणायला निघतो आणि कुदळ उचलायचेही त्याच्या अंगात बळ उरत नाही, हे वाचल्यावर तो आकडा पुन्हा आकडा राहत नाही.

साधने नाहीत, अशी सबब कोणी सांगू नये. सरकारी दफ्तरे पुण्यात आहेत, 'केसरी'चे जुने अंक आहेत. सर्वांत मोलाच्या म्हणजे आपल्या बायकांच्या ओव्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. घरात काय बोलले जात होते ते दफ्तरात सापडत नाही, ते पुष्कळदा या ओव्यांत सापडते.

म्हणून माझे आजच्या तरुण लेखकांना सांगणे आहे की शिवकाळ जरूर लिहा, गड चढा, पण एकदा मुळशीच्या धरणाच्या भिंतीवरही उभे राहा आणि पाण्याखालच्या गावांची नावे विचारून या. आणि आपल्याकडे एक विनंती आहे. या सभेत वळवण, आंद्रा किंवा मुळशीच्या पाण्यातून उठून आलेल्या घराण्यांतली मंडळी असतील. आजोबांनी सांगितलेले, आजीने जपलेले जुने कागद, पत्रे, मोबदल्याच्या पावत्या, जे काही असेल ते फेकू नका. आज थोडा वेळ थांबलात तर मी वही आणि पेन घेऊन इथेच बसणार आहे. कोणाच्या घरी काय झाले ते सांगा. मोबदला घेतलेल्यांच्या घरातल्यांनीही सांगा. तुमचे म्हणणे मी अगदी जसेच्या तसे लिहून घेईन.