मत न्यायला दारी येता, मग नाडी पाहायलाही या!

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



आपले आजे-पणजे तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून सुरतेला आले. गिरण्यांत आणि मागांवर राबले, लिंबायत-उधन्यात त्यांनी घरे उभी केली. गावचे घर आता लग्नकार्यापुरते उरले. म्हणजे आपले म्हातारपण जायचे ते सुरतेतच. ते स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या पायांवर जावे, एवढीच आपली इच्छा. त्यासाठी आपल्या हातात काय आहे आणि सरकारकडून काय मागून घ्यायचे, यावर आज आम्ही बोलणार आहोत.

पहिली गोष्ट पडण्याची. या वयात खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. पुष्कळदा आपण पडतो ते रस्त्यावर नव्हे, तर घरातच, बाथरूममध्ये नाहीतर जिन्यावर. आपल्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे. तेव्हा झोपण्याची जागा खाली आणा. संडास-बाथरूमच्या भिंतीत धरायला दांडी बसवा, रात्रभर छोटा दिवा जळू द्या. रोज भिंतीजवळच्या खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. मांड्यांत बळ असले की तोल सांभाळतो. भाकरीबरोबर डाळ, दूध, हरभरे पोटात जाऊ द्या. आणि बरे वाटले म्हणून बीपी-साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा माणसे वरच्या मजल्यावर आणि औषधे खाली पाण्यात, अशी कित्येक घरांची गत झाली. पावसाळ्यात पंधरा दिवसांची औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा.

दुसरी गोष्ट घराची. मुले वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. पण जिवंतपणी घर बक्षीसपत्राने नावावर करायचेच असेल, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ही अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. पोटगीसाठीही त्याच कायद्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अडचण सांगायला १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत फोन आहे. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचाराचा हक्क मिळाला आहे. आधार कार्ड घेऊन कार्ड काढा. आजारी पडल्यावर धावाधाव करू नका.

पण हे कार्ड चालते ते दवाखान्यात भरती झाल्यावर. भरती व्हायची वेळच येऊ नये म्हणून काय? इथे आमचे राजकारण्यांना सांगणे आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. लिंबायत आणि उधना नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात. २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदाराला घरबसल्या मत देण्याची सोय होती. अधिकारी पेटी घेऊन दारी येणार, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या म्हाताऱ्याचे मत घ्यायला माणूस दारी येतो, त्याचा रक्तदाब मोजायला का येऊ नये? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन पाहण्याची तरतूद २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात आहेच. डासांच्या अळ्या शोधायला महानगरपालिकेची माणसे घरोघरी फिरतात. हौद आणि कूलर बघतात, तसे कोपऱ्यातल्या खाटेकडेही बघावे, एवढेच मागणे.

यासाठी आपणही कामाला लागू. प्रत्येक गल्लीतल्या दोन तरुणांनी एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी करावी आणि रोज सकाळी एक हाक मारावी. तीच यादी घेऊन आपण वॉर्डाच्या नगरसेवकाकडे जाऊ. मत मागायला जो येईल, त्याच्यापुढेही हीच यादी ठेवू.

आपण भीक मागत नाही. या शहराचे कापड आपल्या हातांनी विणले आहे. ते हात आता थकले, तर त्यांची विचारपूस झालीच पाहिजे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गुजरात!