बॅटरी की प्लग?

उन्हाळ्यात यवतमाळचा पारा 45 अंशांना टेकतो आणि जुन्या मोटरसायकलच्या बॅटरीतलं पाणी उडून जातं. मग मृगाच्या पावसात, ऐन पेरणीच्या घाईत गाडी रुसते.

बटण दाबल्यावर नुसतंच ‘कट्-कट्’ होतं? बहुधा बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनलवर पांढरा थर चढलाय. तो कोमट पाण्यानं पुसा, नट आवळा, व्हॅसलिन लावा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला; बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते.

किकनंही सुरू होत नसेल तर प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. पेट्रोल दूर ठेवा, हातानं फक्त कॅपच धरा. ठिणगी निळी, ठसठशीत असेल तर वायरिंगला उगाच बोल नको, कार्बोरेटर बघा. ठिणगीच नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहा, मग कॉइलची वायर तपासा. राजदूतच्या जमान्यातली गाडी असेल तर काळे पडलेले पॉइंट घासा.

आणि हो, गाडी कापसाच्या गंजीशेजारी उभी असते ना? मग सीटखाली एकदा डोकावाच. उंदरानं वायर कुरतडलेली असायची.