दार बंद करणाऱ्याने कारण द्यायचं

(पदवीधर तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, लंडनची संसद पाच आठवडे बंद ठेवली, त्याचं आपल्याला काय? आपल्यापुढे शिष्यवृत्ती आहे, भरती आहे, घरची जबाबदारी आहे. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या संविधानातली संसदीय पद्धत आली ती मुख्यतः ब्रिटनकडून. अधिवेशन बोलावणं, संपवणं, सभागृह विसर्जित करणं ही सगळी व्यवस्था आपण तिथून घेतली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. त्या मूळ घरात २०१९ साली मोठा तंटा झाला. सभागृहाला कुलूप लावायचा अधिकार कुणाचा, आणि कुलूप लावणाऱ्याने कारण सांगायचं की नाही, असा तो तंटा होता. दार बंद होण्याचा अनुभव आपल्या समाजाइतका कुणाला आहे? म्हणून हे प्रकरण आपण नीट समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न होता. सुमारे १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हटलं, सुमारे १ कोटी ६१ लाखांनी राहा म्हटलं. म्हणजे ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के. कसं बाहेर पडायचं, कोणत्या अटींवर, आयर्लंडच्या सीमेचं काय, तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांचं काय, यातलं काहीच मतपत्रिकेवर नव्हतं. ते ठरवायचं काम उरलं संसदेवर.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी केलेला करार हाउस ऑफ कॉमन्सने २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत तीनदा फेटाळला. मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०१९ वर आली. २४ जुलैला बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. करार होवो न होवो, ३१ ऑक्टोबरला बाहेर पडायचंच, असं त्यांनी जाहीर केलं. करार न करता बाहेर पडायला सभागृहातल्या बहुमताचा विरोध होता. आणि २८ ऑगस्टला, राणी स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इथे असताना, प्रिव्ही कौन्सिलच्या तीन सदस्यांच्या उपस्थितीत आदेश निघाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ ऑक्टोबरपर्यंत संसदेची सत्रसमाप्ती.

आता हा शब्द समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. सभागृह बंद राहण्याचे तीन प्रकार आहेत. एक, तहकुबी किंवा सुट्टी. ती सभागृह स्वतः ठरवतं, आणि त्या काळात समित्या काम करू शकतात, लेखी प्रश्न विचारता येतात. दुसरा, विसर्जन. त्यानंतर निवडणूक होते, म्हणजे निदान लोकांपुढे तरी जावं लागतं. तिसरा प्रकार सत्रसमाप्तीचा. ती ब्रिटनमध्ये पंतप्रधानाच्या सल्ल्याने राणी करत असे, सभागृहाचं मत घेतलं जात नाही. त्या काळात चर्चा बंद, समित्या बंद, प्रश्न बंद. जी विधेयकं अपुरी असतील ती साधारणपणे बारगळतात. घरगुती हिंसाचाराविरुद्धचं एक विधेयक तेव्हा सभागृहापुढे होतं, तेही या सत्रसमाप्तीत बुडालं होतं. म्हणजे वर सत्तेचा खेळ चालला होता, आणि खाली मार खाणाऱ्या बायकांचा कायदा अडकला होता. हे आपल्याला नवीन नाही.

सरकारचं म्हणणं काय होतं? ही नेहमीची गोष्ट आहे. नवं सरकार आलंय, नवा कार्यक्रम मांडायचाय, त्यासाठी राणीचं अभिभाषण करायचंय. दरवर्षी सत्रसमाप्ती होतेच.

एखादी अन्यायाची गोष्ट किती सभ्य शब्दांत सांगता येते बघा. ‘नेहमीचं आहे’, ‘पद्धतच आहे’, ‘आमचा तसा हेतू नव्हता’. ही तीन वाक्यं तुम्ही कितीदा ऐकली असतील.

याविरुद्ध लंडनच्या न्यायालयात गेल्या जीना मिलर. गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. याच बाईंनी आधीही एक खटला जिंकला होता. संसदेचा कायदा झाल्याशिवाय सरकारला युरोपीय संघ सोडण्याची नोटीस देता येणार नाही, असा निकाल जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी दिला होता. त्या खटल्यापायी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका वंशपरंपरागत सरदाराने, त्यांना गाडीखाली चिरडणाऱ्याला पैसे देईन असं समाजमाध्यमावर लिहिलं आणि त्यात त्या पहिल्या पिढीतल्या स्थलांतरित असल्याचा उद्धार केला. त्याला तुरुंगात जावं लागलं. इथे थोडं थांबा. ज्याची पदवी बापजाद्यांकडून आली तो, जी पहिल्या पिढीत उभी राहिली तिला विचारतोय की तू कोण प्रश्न करणारी. तुम्ही तुमच्या घरातले पहिले पदवीधर आहात. हा सूर कोणत्या भाषेतला आहे हे तुम्हाला सांगायला नको.

स्कॉटलंडमध्ये खासदार जोआना चेरी आणि इतर अनेक संसद सदस्यांनी वेगळा खटला भरला होता. दोन न्यायालयांनी दोन उलटे निकाल दिले. लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटलं, हा राजकीय विषय आहे, न्यायालयाने त्यात पडू नये. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायपीठाने म्हटलं, संसदेला अडवण्यासाठीच हे केलंय, हे बेकायदेशीर आहे. दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आली. १७ ते १९ सप्टेंबर सुनावणी झाली. अकरा न्यायाधीश बसले, लेडी हेल अध्यक्ष होत्या. २४ सप्टेंबरला निकाल आला, एकमताने. सत्रसमाप्तीचा आदेश बेकायदेशीर, म्हणून शून्यवत. कायद्याच्या दृष्टीने संसद बंद झालीच नव्हती.

निकालातले तीन मुद्दे वहीत लिहून घ्या.

पहिला मुद्दा. अधिकार आहे म्हणजे तो अमर्याद आहे असं नाही. राजाला कायद्याने दिलेला तेवढाच अधिकार, हे तत्त्व इंग्रज न्यायाधीशांनी १६११ मध्ये सांगितलं होतं. न्यायालयाने तिथपर्यंत मागे जाऊन आधार दाखवला. सत्रसमाप्तीला मर्यादाच नसेल तर एखादा पंतप्रधान संसद हवी तितकी बंद ठेवील, मग संसद सर्वोच्च आहे या म्हणण्याला काय अर्थ उरला?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंतप्रधानांच्या मनात काय होतं, याच्या मागे सर्वोच्च न्यायालय लागलं नाही. त्याने परिणाम पाहिला. उन्हाळी सुट्टी संपल्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत साधारण आठ आठवडे हातात होते, त्यातले पाच संसदेकडून काढून घेतले गेले. तेही देशाच्या भवितव्याचा निर्णय होत असताना. कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं ही संसदेची कामं आहेत. एखाद्या सत्रसमाप्तीने ती कामं अडत असतील, आणि त्याला वाजवी कारण नसेल, तर ती बेकायदेशीर. हेतू शुद्ध होता की नव्हता, हा वाद तिथे लागतच नाही.

तिसरा मुद्दा, कारण. सरकारने न्यायालयात काही कागद दिले. त्यात १५ ऑगस्टचं एक टिपण होतं, त्यावर पंतप्रधानांनी ‘हो’वर खूण केली होती. पण पाच आठवडेच का लागतात, हे शपथेवर सांगायला सरकारतर्फे कुणीही पुढे आलं नाही. उलट त्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी लेखी निवेदन दिलं की अभिभाषणाच्या तयारीला साधारण चार ते सहा दिवस लागतात. चार-सहा दिवसांच्या कामाला पाच आठवडे! न्यायालयाने म्हटलं, चांगलं कारण राहू द्या, आमच्यापुढे कारणच आलेलं नाही.

या निकालावर टीकाही झाली, तीही ऐकायला हवी. लोकांनी कौल दिला होता आणि संसदच तो अडवत होती, असं अनेकांचं मत होतं. निवडून न आलेले न्यायाधीश राजकारणात उतरले, असंही म्हटलं गेलं. संसदेच्या कामकाजावर न्यायालयात प्रश्न उठवू नये, असं १६८९ चा ‘बिल ऑफ राइट्स’ सांगतो, हाही मुद्दा होता. त्याला न्यायालयाने उत्तर दिलं की सत्रसमाप्ती हे संसदेचं कामकाजच नव्हे. सदस्य त्यावर बोलू शकत नाहीत, मत देऊ शकत नाहीत. ती बाहेरून लादली जाते. आणि कौलाचं म्हणाल तर, एका दिवशी बहुमत मिळालं म्हणून पुढचे सगळे प्रश्न विचारायचे थांबत नाहीत.

२५ सप्टेंबरला संसद पुन्हा बसली. बुडालेलं ते घरगुती हिंसाचाराचं विधेयक जिवंत झालं, २ ऑक्टोबरला त्यावर दुसऱ्या वाचनाची चर्चा झाली. पुढे निवडणुकीत ते परत अडकलं, पण २०२१ साली त्याचा कायदा झाला. ब्रेक्झिट मात्र थांबलं नाही. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडलं. म्हणजे निकालाने कुणाला जिंकवलं किंवा हरवलं नाही. जे करायचं ते दार उघडं ठेवून करा, एवढंच त्याने सांगितलं.

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटनचं संविधान एका ग्रंथात लिहिलेलं नाही. बरंच काही संकेतांवर चालतं. एकाच वर्गातली, एकाच शाळा-कॉलेजांतली माणसं सत्तेत असतात तोवर ‘असं करायचं नसतं’ एवढ्यावर काम भागतं. न लिहिलेले नियम ज्यांना घरातच शिकायला मिळतात, त्यांनाच ते सोयीचे पडतात. जातही तशीच चालते, तिचे बरेचसे नियम कुठल्या फलकावर लिहिलेले नसतात. म्हणून लिहिलेलं संविधान ही आपल्यासाठी जगण्याची गोष्ट आहे.

आपल्या संविधानात अनुच्छेद ८५ प्रमाणे संसदेच्या दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. राज्यांसाठी अनुच्छेद १७४ तेच सांगतो. १८ मे १९४९ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांना हे अंतर फार वाटत होतं, संसद जास्त वेळा बसावी अशी त्यांची मागणी होती. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की सहा महिने ही फक्त शेवटची हद्द आहे, जास्त वेळा बसायला कुणी अडवलेलं नाही. इंग्रजांच्या काळात सरकार कायदेमंडळाला हिंग लावून विचारत नसे, पण संविधान लागू झाल्यावर कोणत्याही सरकारला तशी बेपर्वाई परवडणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती.

पुढे काय झालं? सभागृह चालू नसलं की सरकारला अध्यादेश काढता येतो. बिहारमध्ये याचा धंदाच झाला. अधिवेशन संपलं की सगळ्या खात्यांना साच्यातलं पत्र जायचं, कोणते अध्यादेश पुन्हा काढायचे ते कळवा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हे सगळं खणून काढलं. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले होते, विधानसभेत कायदा न करता. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबरच्या याचिकादारांत एक रयत होता, ज्याचा वनोपज विकण्याचा हक्क अध्यादेशाने बांधला होता. एक इंटरमीजिएटला शिकणारा विद्यार्थी होता. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रकाराला संविधानाशी केलेली फसवणूक ठरवलं. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने, पुन्हा बिहारच्याच प्रकरणात, अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं टाळता येणार नाही असं बजावलं.

म्हणजे तिकडे लिहिलेलं नव्हतं म्हणून वाट सापडली, इकडे लिहिलेल्यातून वाट काढली. दोन्हीकडे सभागृह बाजूला सारलं गेलं, आणि दोन्हीकडे कुणीतरी कागद हातात घेऊन उभं राहिलं म्हणून ते उघडं पडलं. संविधानाचा साचा तसाच ठेवूनही राज्यकारभाराच्या पद्धतीतून त्याचा आत्मा मारता येतो, असा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात दिला होता. संवैधानिक नीती आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, हेही तिथेच सांगितलं होतं.

ती रुजवायची कुठे? तुम्ही उद्या नोकरीला लागाल, विद्यापीठाच्या एखाद्या समितीवर जाल, गावच्या ग्रामसभेत बसाल. तिथेही सभागृह बंद करण्याचे छोटे छोटे आदेश निघतात. तक्रार समितीची बैठक होत नाही. ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि ठराव मात्र कागदावर येतात. शिष्यवृत्तीची यादी ‘प्रक्रियेत’ राहते. विचारायला गेलं की ‘नेहमीचंच आहे’. तेव्हा हेतूवर भांडू नका, त्यात समोरचा तुम्हाला थकवतो. तीन प्रश्न लेखी विचारा. हा अधिकार तुम्हाला कशाने मिळाला? याचा परिणाम कुणावर, किती दिवस झाला? आणि कारण काय, तेही लेखी द्या.

आपल्या आजोबांना पाणवठ्यावर, देवळात, शाळेच्या ओट्यावर कुणी कारण दिलं नाही. कारण मागायची सोयच नव्हती. ती सोय आपल्याला संविधानाने दिली. ती वापरली नाही तर ती हळूहळू गंजते, आणि एक दिवस कुणीतरी गुपचूप तिची सत्रसमाप्ती करतो.

जय भीम, जय संविधान.