मोरीपासून भट्टीपर्यंत

स्वयंपाक उरकला असेल तर बसून ऐका, नसेल तर भाकरी थापता थापता ऐका. आजचा विषयही चुलीचाच आहे, फक्त चूल हॉटेलातली आहे.

मध्यंतरी आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. आमच्यातल्या एका वहिनीला महामार्गावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरातलं काम मिळत होतं. शेत कोरडवाहू, कापूस वेचणी संपली की हाताला काम नाही, पदरात दोन लेकरं. पण त्या हॉटेलाच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं. ते ऐकताच एक आजी कडाडल्या, "माय व! आपन बाटली आडवी करी, नी आते तठेच रांधाले जानं का?"

आजींचं चुकलं नव्हतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. हा हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे. दारूनं घरं कशी बसतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण वहिनी शांतपणे म्हणाली, "आजी, मी बाटली विकायला नाही, भाजी करायला जाते आहे. तुम्ही नको म्हटलंत तर नाही जात. पण मग पोरांची फी कुठून भरू, तेही सांगा."

सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही ठरवलं, घरी बसून हो-नाही करण्यापेक्षा आधी बघून येऊ. आम्ही तिघी वहिनीसोबत गेलो.

आपल्या धुळ्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, सुरत-नागपूर महामार्गही जातो. सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगावातून जातो. त्यावर ढाबे, हॉटेलं, परमिट रूम रांगेनं आहेत. तिथं काय खपतं? शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. म्हणजे आपल्याच घरचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण त्या दिवशी आत डोकावलो तर भट्टीवर सगळे पुरुष आणि मोरीवर सगळ्या बाया. हे आमच्या मनाला फार लागलं.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात पायऱ्या असतात. सगळ्यात खाली मोरी, म्हणजे भांडी आणि साफसफाई. त्यावर कापाकापी, निवडणं, वाटण. त्यावर कणीक, रोटी, तंदूर. त्यावर ग्रेव्ही आणि भट्टी. आणि सगळ्यांवर मुख्य आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात. माल किती मागवायचा, कुणाला कुठं उभं करायचं, हे तो ठरवतो. मोठ्या शहरातल्या हॉटेलांत आणि पबमध्येही हीच उतरंड असते, नावं वेगळी. शिकाऊ हाताला कॉमी म्हणतात, पुढे एका विभागाचा शेफ, मग सू शेफ, मग मुख्य शेफ.

आता आमच्याच ओळखीतल्या एका ताईंचं सांगतो. त्या एका हॉटेलात तीन वर्षं होत्या. भांड्यांपासून सुरुवात केली. हळूहळू कणीक त्यांच्याकडे आली, मग वाटण आलं. वस्ताद गावी गेला की ग्रेव्हीसुद्धा त्याच करायच्या आणि गिऱ्हाईक बोटं चाटून जायचं. पण पगार तीन वर्षं भांडीवालीचाच. का? कारण हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘हेल्पर’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मालकानं कधी बदललं नाही.

बायांनो, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. हॉटेलातल्या कामासाठी सरकार किमान वेतन ठरवतं, आणि ते अकुशल, अर्धकुशल, कुशल असं वेगवेगळं असतं. वहीत आपलं काम काय लिहिलं आहे, यावर आपला पगार ठरतो. हात आचाऱ्याचा आणि नाव हेल्परचं, असं असेल तर नुकसान दर महिन्याला होतं.

म्हणून काम धरण्याआधी हे विचारा. माझं काम कोणत्या नावानं लिहिणार? पगार किती, कोणत्या तारखेला, आणि बँकेत जमा होणार का? आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी? किती महिन्यांनी मला पुढचं काम शिकवणार? रात्री घरी कसं पोचवणार? आणि लुगडं-साडी बदलायला, बायकांना जायला वेगळी, कडी लागणारी जागा आहे का? विचारायला लाजू नका. जो मालक या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडे जाऊच नका.

कायदाही माहीत असू द्या. कायद्यानं ठरवलेल्या संख्येइतकी किंवा त्याहून जास्त माणसं जिथं काम करतात, अशा दुकान-हॉटेलांना महाराष्ट्राचा 2017 चा कायदा लागू आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती दिली तरी तिची सुरक्षितता आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकानं करायची असते. छेडछाडीविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा माणसांच्या ठिकाणी आतली समिती हवी. त्याहून लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आणि आजींच्या प्रश्नाबद्दल. दिल्लीत एक जुना कायदा होता, दारू मिळते त्या ठिकाणी बाईला कामाला ठेवायचं नाही असा. 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की रक्षणाच्या नावाखाली बाईचं काम काढून घेऊ नका, तिला सुरक्षित काम करता येईल अशी व्यवस्था करा. तरीही आमचं सांगणं आहे, काम स्वयंपाकघरापुरतंच ठरवून घ्या. टेबलावर बाटली-ग्लास नेऊन देणं आपल्या कामात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

ज्यांना हा धंदा नीट शिकायचा आहे, त्यांच्यासाठी वाटा आहेत. दहावी झालेल्या मुलींना आयटीआयचा ‘फूड प्रॉडक्शन’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो कुठल्या आयटीआयत आहे, ते चौकशी करून बघा. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत बायकांना वयाच्या 45 वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो. स्वतःची खाणावळ काढायची असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण मिळतं. ‘उमेद’च्या तालुका कार्यालयात या सगळ्याची विचारपूस करा. आणि धंदा केवढाही लहान असो, अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच.

शेवटी आमच्या बैठकीचं सांगतो. पुन्हा बसलो तेव्हा आजींनी वहिनीला एकच विचारलं, "रात्री कितीला घरी येशील?" सातला सुटणार, शेवटच्या एसटीच्या आधी, असं मालकाकडून कागदावर लिहून घेतलं होतं. सहा महिन्यांनी भट्टीवर उभं करायचं, हेही लिहून घेतलं होतं. आजी म्हणाल्या, "मग जा. पण पोर मोरीवरच राहिली तर आपण सगळ्या जाऊन विचारू."

वहिनी आता तिथं भाकरी आणि भरीत करते. सहा महिने भरायला अजून दोन बाकी आहेत. तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवली आहे. तुमच्या गटातली कुणी असं काम करत असेल तर तिचंही काम, नाव आणि तारीख वहीत लिहा. एकटीनं मागितलं तर मालक उद्या बघू म्हणतो, दहा जणींनी मागितलं तर आजच बघतो.

रामराम.