पित्त उठतं तेव्हा नक्की काय फुटतं?

आजचा एपिसोड खाजेबद्दल आहे. ऐकता ऐकता हात खाजवायला लागलात तर मला दोष देऊ नका.

कोळंबी खाल्ली आणि थोड्या वेळात अंगभर लाल गांध्या आल्या, की आपल्याकडे लगेच म्हणतात, "पित्त उठलं." मग आजी आमसुलाचं पाणी चोळते. माझ्याही आजीने चोळलंय. पण या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी काही संबंध नाही. हा उद्योग असतो मास्ट पेशींचा.

या पेशी त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात ठाण मांडून बसलेल्या असतात. १८७८ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने त्यांना रंग देऊन पाहिलं, तर आत नुसते दाणेच दाणे! त्याला वाटलं, या खाऊन टम्म झाल्यात. म्हणून नाव 'मास्ट', जर्मनमध्ये त्याचा अर्थ पोसून लठ्ठ करणं. ते दाणे म्हणजे खाऊ नसून दारूगोळा आहे, त्यात हिस्टामिन भरलेलं असतं, हे रायली आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये दाखवलं.

आता हा दारूगोळा उडतो कसा? ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्या गोष्टीशी पहिली भेट होते, तेव्हा सहसा काहीच दिसत नाही. पण शरीर तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि ती मास्ट पेशीवर जाऊन चिकटतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला, की तो शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र बांधतो. बस, घोडा दाबला गेला! पेशीत कॅल्शियम वाढतं. दाण्यांची आवरणं पेशीच्या बाहेरच्या पडद्याला जुळतात आणि तोंडं उघडतात. आतले दाणे पुढच्या दाण्यांना जुळत जातात, त्यामुळे पेशीत चक्क बोगदे तयार होतात. पृष्ठभाग चुरगळल्यासारखा दिसतो. हे सगळं काही मिनिटांत.

आणि एवढं होऊन पेशी मरत नाही बरं का! दिवस-आठवडे घेऊन ती पुन्हा दाणे भरते. म्हणजे पुढच्या वेळेसाठी परत तयार.

बाहेर पडलेलं हिस्टामिन बारीक रक्तवाहिन्या झिरपत्या करतं, म्हणून सूज. मज्जातंतूंना डिवचतं, म्हणून खाज. श्वासनलिका आवळतं, म्हणून धाप.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी शेतावर माझ्या मावसभावाला गांधीलमाशी चावली. आम्ही सेट्रिझिन दिली आणि म्हटलं, बघू थोडा वेळ. त्याचा आवाज घोगरा झाला, तरी आम्ही बघतच बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा तो सावरला. त्या अर्ध्या तासाची मला अजून भीती वाटते.

आमची चूक काय झाली? सेट्रिझिन मास्ट पेशीला थांबवत नाही. हिस्टामिन जिथे जाऊन बसतं, ती जागा फक्त अडवते. तिला काम सुरू करायलाच अर्धा-एक तास लागतो. शिवाय पेशीतून हिस्टामिनबरोबर इतरही रसायनं सुटतात, त्यांच्यावर या गोळीचा इलाज नाही. अ‍ॅड्रेनालिन मात्र श्वासनलिका मोकळी करतं, रक्तदाब सावरतं आणि मास्ट पेशींनाही आवर घालतं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. नुसत्या गांध्या असतील तर गोळी ठीक. पण धाप, घोगरा आवाज, जिभेला सूज, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. १०८ लावा, माणसाला उभं करू नका, चालवू नका. आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर बसू द्या. आणि फोनवर आधी हेच सांगा, की अ‍ॅलर्जी आहे आणि श्वास अडकतोय.

आमसूल सोलकढीत झकास लागतं. तिथेच राहू दे.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!