ह्यूम एंडचे स्थानक आणि बार्शीची रेल्वे

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, ह्यूम एंड नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील रेल्वेस्थानकावर 1934 च्या मार्च महिन्यात शेवटची गाडी आली. ओस पडलेली ग्रामीण स्थानके ब्रिटनमध्ये शेकड्यांनी आढळतात. परंतु ह्यूम एंडची हकीकत मराठी श्रोत्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. तिचे मूळ सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 साली जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्या काळी मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग बार्शीला वीस-एकवीस मैल दूर ठेवून गेला होता. बार्शी ही कापसाची व गळिताच्या धान्यांची मोठी पेठ. पण तेथील माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावा लागे. हा तुटलेला दुवा जोडण्यासाठी कॅलथ्रॉपने कित्येक वर्षे खटपट केली. 1895 साली कंपनी उभी राहिली आणि 1897 साली बार्शीला गाडी पोचली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे रूळ हलके चालत, खर्च आटोक्यात राही आणि तरीही गाडी भरपूर माल वाही. पुढे हा मार्ग 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला व 1927 साली मिरजेला जाऊन भिडला. वारकऱ्यांची तर ती हक्काची गाडी झाली.

बार्शीचे हे यश पाहूनच मॅनिफोल्ड खोऱ्यातील रेल्वेचे काम कॅलथ्रॉपकडे आले. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हा सव्वाआठ मैलांचा मार्ग 27 जून 1904 रोजी खुला झाला. रुंदी तीच, अडीच फूट. लीड्सच्या किट्सन कारखान्यातील दोन्ही इंजिनांचे वळणही हिंदुस्थानी. त्यांवरील मोठे दिवे पाहून इंग्रज खेडुतांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. मोठ्या रुळांवरील वाघिणी जशाच्या तशा उचलून नेणाऱ्या खास गाड्याही येथे होत्या. म्हणजे बांधणीत उणीव नव्हती.

उणीव होती ती गिऱ्हाइकाची. एक्टन येथील तांब्याच्या खाणी रेल्वे येण्यापूर्वीच थंडावल्या होत्या. ह्यूम एंडला घरे मोजकी. ज्या हार्टिंग्टन गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर होते, ते दोन मैलांवर. मार्ग पुढे कोठेच गेला नाही. उन्हाळ्यातील सहलीची गर्दी वगळता सारी भिस्त दुधावर होती. मोटारी आल्या तसे दूध रस्त्याने जाऊ लागले, एक्टनची दुग्धशाळा बंद झाली, आणि तीस वर्षांतच रेल्वेचा कारभार आटोपला.

बार्शीची रेल्वे मात्र 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ताब्यात घेतली. तिचे अरुंद रूळही आज उरलेले नाहीत. पण ते उखडले गेले ते मोठे रूळ टाकण्यासाठी. 2008 साली कुर्डुवाडी ते लातूर हा संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला. जुना मार्ग ज्या धाराशिव शहराला वगळून जात होता, तेही नव्या आखणीत जोडले गेले.

एकाच अभियंत्याने, एकाच मापाने घडविलेल्या या दोन मार्गांपैकी एक टिकला व दुसरा बुडाला. याचे कारण रुळांत नव्हे, रुळांच्या टोकाशी शोधावे लागते. बार्शीला पेठ आधी होती आणि रेल्वे मागाहून आली. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात रेल्वे आधी आली व पेठ कधी उभी राहिलीच नाही. आजही तालुक्या-तालुक्यांतून नव्या लोहमार्गाची मागणी होते, आणि ती रास्तही असते. मात्र गाडीतून काय जाणार, आणि ती कोणाच्या दारापर्यंत पोचणार, हे दोन प्रश्न अंदाजपत्रकाच्या आधी विचारले गेले पाहिजेत.

ह्यूम एंडच्या लोहमार्गाची जागा तेथील परगण्याच्या कौन्सिलकडे आली व 1937 साली तिच्यावर पायवाट खुली झाली. जुने तिकीटघर आता प्रवाशांना माहिती पुरविते. तिकडे बार्शीच्या स्थानकात अजूनही तिकिटे विकली जातात.